जो खोलीत नाही त्याच्या वतीने

इरा आणि नील, परवा फोनवर तुम्ही विचारलंत की बाबाच्या जुन्या फोटोत आपल्या घरात जमिनीवर मांडी घालून बसलेले ते मिशीवाले आजोबा कोण, आणि त्यांच्या दोन्ही हातांत लाडू का. ते आमचे शेजारचे सर. गेल्या महिन्यात ते कोल्हापूर सोडून गेले, म्हणून आत्ताच लिहिते. माणूस लांब गेला की त्याच्या गोष्टी धुक्यात जायला वेळ लागत नाही.

समोरच्याच्या जागी जाऊन बघा, असं सगळेच सांगतात. पण खरोखर उठून त्या जागी जाऊन बसणारा आणि तिथून परत यायचं विसरून जाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सर विद्यापीठात वाटाघाटी शिकवायचे. पुस्तक मिटून ठेवायचे आणि वर्गाचं सोंगांचं नाटक करून टाकायचे. अर्धी मुलं ऊस उत्पादक, अर्धी साखर कारखान्याचे संचालक, आणि दर ठरेपर्यंत कुणी जागचं हलायचं नाही. मुरगूडकडच्या शेतकऱ्याच्या पोराला ते हटकून संचालक करायचे. "पावणं, एवढा दर परवडत न्हाय," असं म्हणताना त्या पोराचा आवाज घरच्या आठवणीने कापायचा, आणि सरांना नेमकं तेच हवं असायचं. स्वतः सर मात्र नेहमी जो त्या खोलीत नाही, त्याची भूमिका घ्यायचे. "जो हजर न्हाय, त्याच्याच पाठीवर करार लादत्यात," असं त्यांचं म्हणणं. मी एकदा बघायला गेले होते, त्या दिवशी ते उसाच्या गाडीचा बैल झाले होते. अर्धे डोळे मिटून कोपऱ्यात बसले होते आणि "आणखी थोडं थांबू," असं कुणी म्हटलं की असा लांब सुस्कारा सोडत होते की दोन्ही बाजू ओशाळून भराभर बोलू लागत. जोतिबाच्या रस्तारुंदीच्या वादात काही मुलं दुकानदार झाली, काही अधिकारी झाली, आणि सर झाले गुडघे दुखणारी म्हातारी भाविक. "मला टेकायला जागा कुठं ठेवलीया?" एवढंच त्यांनी विचारलं आणि सगळा नकाशा पुन्हा काढावा लागला.

हे खूळ वर्गापुरतं नव्हतं. मंगळवार पेठेत भाजी घेताना एकदा ते भाजीवाल्या मावशींना म्हणाले, "मावशी, भाव जमत न्हाय, तर तुम्ही गिऱ्हाईक व्हा, मी तुम्ही होतो." मावशी लगेच उठल्या. "व्हय? मग बसा उन्हात. मी घरला जाते की!" आणि खरंच गेल्या. सर दुपारपर्यंत मेथी विकत बसले. घरी आले ते बायकोला स्वप्नातल्यासारखं म्हणाले, "अगं, तिथनं बघितलं की प्रत्येक माणूस भाव पाडायलाच आल्यासारखा दिसतो."

आता त्या फोटोकडे येते. तुमचे आजोबा गेले त्याच्या पुढच्या थंडीत बाबा मला कायमचं तिकडे परदेशात, तुमच्याकडे न्यायला आला होता. घर विकायचं आणि निघायचं, असं त्याचं ठरलेलं. मी नाही म्हणत होते. दोन दिवस आम्ही एकमेकांशी ताटं वाढण्यापुरतं बोललो. तिसऱ्या दिवशी दुपारी आवाज चढले तेव्हा सर न विचारता आत आले. बाबाला माझ्या खुर्चीत बसवलं, मला त्याच्या. "तू आई हो. वहिनी, तुम्ही पोरगा व्हा. चालू करा."

बाबा आधी चेष्टेनेच बोलला. "मी येणार नाही. तिकडे दूधवाल्याशी भांडायला मिळत नाही." मग जरा थांबला आणि हळू म्हणाला, "पाच वाजता या खिडकीत ऊन येतं. तेव्हा मी ह्यांच्याशी बोलते. तिकडच्या खिडकीत हे कसे येतील?" मला वाटत होतं, ते कुणालाच माहीत नाही. माझी पाळी आली तेव्हा माझ्या तोंडून आलं, "आई, फोन अवेळी वाजला की मी आधी विमानाच्या वेळा बघतो, मग फोन उचलतो. मी पोचेपर्यंत सगळं संपलेलं असेल." हे मला कुणी सांगितलं होतं, मला माहीत नाही. खोलीत ऊन तिरपं होत होतं, कुठूनतरी गुऱ्हाळाचा गोड वास येत होता, आणि आम्ही दोघं एकमेकांच्या आवाजात रडत होतो.

तेवढ्यात ते धिप्पाड सर धपकन जमिनीवर बसले. "मी नातवंडं. दोघंबी. आमास्नी कुणी इचारलंच न्हाय की!"

"बरं, तुम्हाला काय हवं?" मी डोळे पुसत विचारलं.

"आजी पायजे. न्हायतर आजीचं बोलणं तरी पायजे. आणि मराठीत. इंग्रजी शाळेत मिळंल, तुझं मराठी कुठनं आणू?"

अशा रीतीने करार झाला. मी इथेच राहायचं, रात्री सोबतीला त्या भाजीवाल्या मावशींची लेक यायची, उन्हाळ्यात मी तिकडे यायचं, आणि तुम्हाला दर महिन्याला पत्र, मराठीत. करार झाला तरी सर भूमिकेतून उठेनात. लाडू मागितला. एक दिला तर दुसरा हात पुढे. "दोघं हाय की!" फोटो तेव्हाचा.

बायको वारल्यावर सर थकले. गेल्या महिन्यात त्यांची मुलगी त्यांना बंगळूरला न्यायला आली. मी गेले तर सामान बांधून तयार. मी म्हटलं, "सर, भांडला नाहीत? तुमच्या खुर्चीत मी बसू का?" ते हसले. "नको वहिनी. मी लेकीच्या खुर्चीत बसून बघितलं. तिथनं मी लई म्हातारा दिसतोय."

मी भिंतीला धरून, गुडघे सांभाळत जमिनीवर बसले. मुलगी घाबरली. "काकू, काय होतंय?"

"काही नाही," मी म्हटलं. "मी ही गल्ली आहे. मला कुणी विचारलंच नाही."

सरांनी वर्गातल्या त्या बैलासारखे अर्धे डोळे मिटले आणि लांब सुस्कारा सोडला. मग म्हणाले, "गल्लीला सांगा, लाडू धाडत जा."

त्यांच्या दाराला आता कुलूप आहे. तुम्हाला पत्र जातं आणि बंगळूरला लाडू. दोन्ही करार चालू आहेत.