परबकाकांचं गाऱ्हाणं

रोज सकाळी परबकाका आंघोळ करून, कपाळाला गंध लावून खाली येत, पिस्ता रंगाच्या फियाटसमोर हात जोडून उभे राहत आणि खणखणीत आवाजात म्हणत, "बा देवा म्हाराजा!" त्या वेळी आवारात जो कुणी असेल, दूधवाला, पेपरवाला, टाकीत पाणी आलंय का बघायला आलेल्या कुणी वहिनी, त्यानं "व्हय म्हाराजा!" म्हणायचं, असा दंडकच होता. कुणी म्हटलं नाही तर काका थांबत, मान वळवून त्याच्याकडे बघत आणि तो ओशाळून 'व्हय' म्हणेपर्यंत देवालाही ताटकळत ठेवत. मग किल्ली फिरे. इंजिन थोडा वेळ खोकून घेई. काका ते समाधानानं ऐकत, बंद करत, दार लोटून बघत आणि पिशवी उचलून पायी स्टेशनकडे निघत.

कामावर ते गाडीनं कधीच गेले नाहीत. "ती जावयाची ठेव आसा," ते म्हणत. "ठेव फिरवूची नसता, जपूची असता."

ऐंशीच्या दशकातलं आमचं मुलुंड. पूर्वेला चार मजल्यांची आमची इमारत, आवारात एक सोनचाफा, त्याखाली एक बाकडं. गिरणी बंद पडल्यावर परबकाका एका कारखान्यात टाइमकीपर म्हणून लागले होते. त्यांची मुलगी मंदा, तिचा नवरा नोकरीसाठी आखातात गेला, तिलाही घेऊन गेला आणि जाताना गाडी सासऱ्यांच्या ताब्यात देऊन गेला. आमच्या इमारतीतली ती पहिली आणि बरीच वर्षं एकुलती एक चारचाकी. काका चालवायला शिकले ते पन्नाशीनंतर. रविवारी काकींना मागे बसवून पवईच्या रस्त्यानं आरे कॉलनीपर्यंत नेऊन आणत. एकदा मीही गेले होते. गाडी इतकी सावकाश चालली होती की जाता-येता माझं अर्धं पुस्तक वाचून झालं. सायकलवाले पुढे जाऊन काळजीनं मागे वळून बघत होते.

मी तेव्हा एम.ए. करत होते आणि बहुतेक वेळ गॅलरीत पुस्तक घेऊन बसलेली असे. काका मला 'पुस्तकबाय' म्हणत. "काय गो पुस्तकबाय, डोळे दुखनत नाय?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. उत्तराची त्यांना गरज नसे.

त्या सकाळच्या सोहळ्यात सामील न होणारा एकच माणूस होता. तळमजल्यावरचे करंदीकर. सांगलीकडचे, विधुर, सरकारी खात्यातून निवृत्त झालेले ड्राफ्ट्समन. पट्टी न घेता सरळ रेघ मारण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. इमारतीच्या नावाची पाटी त्यांनी नुसत्या हातानं रंगवली होती. दोरीवरचे कपडेसुद्धा ते असे वाळत घालत की बनियन आणि टॉवेल कवायतीला उभे आहेत असं वाटे. "पट्टी दुबळ्यांसाठी असते," असं ते म्हणत. शब्दांच्या बाबतीतही त्यांचं तेच.

"परब, गाऱ्हाणं म्हणजे तक्रार," ते खिडकीतून सांगत. "तुम्ही करता ती प्रार्थना. शब्द जागच्या जागी वापरावेत."

"करंदीकरानू, आमच्यात तक्रार आणि प्रार्थना येकच," काका म्हणत. "देवाकडे तक्रार करूची नाय, तर काय तुमच्या कमिटीकडे?"

कमिटीचे सेक्रेटरी अर्थातच करंदीकर होते.

पण हे दोघं मित्र होते. गाडी येण्याआधी संध्याकाळी काका कामावरून आले की चहा घेऊन थेट बाकड्यावर येत. तिथे करंदीकर बुद्धिबळाचा पट मांडून तयार असत. काका नेमानं हरत आणि नेमानं दोष घोड्याला देत. "ह्यो घोडो सरळ चालना नाय, तेका मी काय करू?" त्यावर करंदीकर घोड्याची चाल त्यांना पहिल्यापासून समजावून सांगत. गॅलरीत मला पुस्तक सोडून त्यांचंच ऐकावंसं वाटे. करंदीकरांना दिवसभरात दुसरं कुणी बोलायला नव्हतं, हे मात्र तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गाडी आली आणि पट ओस पडला. काका संध्याकाळी येत ते थेट गाडीकडे. आज काचा पुसायच्या, उद्या वॅक्स लावायचं, परवा सीटची कव्हरं काढून झटकायची. करंदीकर सोंगट्या मांडून बसत. "येताय का?" असं एकदा विचारत. काका बोनेटमधूनच म्हणत, "आज नको करंदीकरानू. आज हिची आंघोळ." करंदीकर मग एकटेच दोन्ही बाजूंनी खेळत आणि काळोख पडला की पट गुंडाळून आत जात.

एका रविवारी सकाळी काका खाली गेले ते 'बा देवा' न म्हणताच उभे राहिले. आवाज आला नाही म्हणून मीच गॅलरीतून वाकून बघितलं. पुढच्या चाकापासून मागच्या दिव्यापर्यंत, दोन्ही दारांवरून, खिळ्यानं ओढलेली एक लांब रेघ. पिस्ता रंगातून आतला पत्रा पांढरा दिसत होता.

थोड्याच वेळात सगळी इमारत आवारात जमली. काकांचा मुलगा प्रकाश तावातावानं म्हणाला, "बाबा, ही मुद्दाम केलेली मस्ती आहे. सरळ पोलिसात जायचं. एकेकाला चौकीत बसवलं ना, की बोलेल."

"एकेकाला म्हणजे कोणाकोणाला?" तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी लगेच म्हणाल्या. "आम्हाला पण बसवणार काय रे?"

"तुम्हाला कोण बोललं?"

"मग कोणाला बोललास? नाव घे ना!"

बघता बघता कोणाची मुलं क्रिकेट खेळतात, कोणाच्या कपड्यांचं पाणी गाडीवर गळतं म्हणून कोणाचं भांडण झालं होतं, सगळं निघालं. पाच मिनिटांत इमारतीतली माणसं एकमेकांकडे चोरासारखी बघू लागली. करंदीकर खिडकीत उभे होते. सेक्रेटरी असूनही ते काहीच बोलले नाहीत, हे गडबडीत कुणाला जाणवलं नाही.

काका गाडीजवळ उकिडवे बसले होते. पुढच्या महिन्यात जावई रजेवर येणार होता. ठेव अशी परत करायची? सासऱ्यानं जावयासमोर मान खाली घालायची ही कल्पनाच त्यांना सोसणारी नव्हती. चेहरा उतरून एवढासा झाला होता. मी जवळ गेले तेव्हा त्यांनी रेघेवरून बोट फिरवत विचारलं, "गो पुस्तकबाय, तुका काय दिसता?"

"रेघ."

"कशी?"

मी नीट पाहिलं. दारांच्या फटी ओलांडतानासुद्धा ती कुठे वर गेली नव्हती, कुठे खाली आली नव्हती. "सरळ," मी म्हटलं.

"सरळ," काका म्हणाले. "रागान मारल्यान, काळोखात मारल्यान, तरी सरळ." आणि त्यांनी सावकाश मान वळवून तळमजल्याच्या खिडकीकडे बघितलं. खिडकीत आता कुणी नव्हतं. मग ते त्या सोनचाफ्याखालच्या रिकाम्या बाकड्याकडे बराच वेळ बघत बसले. उठताना मला हळूच म्हणाले, "वाचलंस ना? आता पुस्तक मिटून ठेव."

मग प्रकाशकडे वळून त्यांनी मोठ्यानं जाहीर केलं, "पोलीस नको आणि कमिटी नको. मी गाऱ्हाणा घालतंय. येक नारळ हाड."

प्रकाशनं कपाळाला हात लावला. पण नारळ आला. काकांनी तो बोनेटवर ठेवला, टोपी सारखी केली आणि हात जोडले. नुकतंच भांडलेलं सगळं आवार नाइलाजानं गोल करून उभं राहिलं.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जी काय ही जावयाची गाडी आमच्या दारात उभी आसा, तिच्या आंगार कोणीतरी रेघ वढल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्या कोणी वढल्यान, तेचो हात मोडू नको. असो हात पुन्हा गावाचो नाय. तेका शाबूत ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"जो कोण सांजवेळी येकटो पडलो असात, तेका सोबत दे. आणि जो कोण पत्रो पुसता पुसता माणसाक इसारलो, तेका अक्कल दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

'व्हय' म्हणणाऱ्यांचं गाऱ्हाण्यातल्या शब्दांकडे कधीच लक्ष नसतं; त्यांचं लक्ष 'म्हाराजा' कधी येतो आणि खोबरं कधी मिळतं याकडे असतं. काका सगळ्यांदेखत सगळं सांगून मोकळे झाले आणि कुणाला काही कळलं नाही. फक्त शेवटचा गजर विरल्यावर तळमजल्याच्या खिडकीतून, गजाआडून, एक बारीक आवाज आला.

"होय, महाराज."

सगळे खो-खो हसले. करंदीकर गाऱ्हाण्याला बोलले, आणि तेही शुद्ध मराठीत! त्या हसण्यात सकाळचं भांडण कुठल्या कुठे गेलं. काका मात्र हसले नाहीत. त्यांनी नारळ फोडला आणि पहिलं खोबरं त्या खिडकीत नेऊन दिलं.

संध्याकाळी काका बाकड्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मांडा."

करंदीकरांच्या हातून सोंगट्या दोनदा सांडल्या. "परब, मी तिला रंग लावून देतो," एवढंच ते म्हणाले.

"गप ऱ्हवा. चाल कोणाची?"

"तुमची. परब, पण ती रेघ..."

"बरी आसा. घोडो खंय गेलो माझो?"

पुढच्या आठवड्यात करंदीकरांनी चुना कालवला आणि गाडीच्या जागेभोवती पांढरी चौकट आखून दिली, कमिटीच्या वतीनं. पट्टी नाही, दोरी नाही. काकांनी त्या चौकटीला वळसा घालून बघितलं आणि करंदीकरांना ऐकू जाईल अशा बेतानं प्रकाशला म्हणाले, "बघ, सरळ रेघ जमिनीर कशी शोभता."

जावई आला तेव्हा मी गॅलरीतच होते. खाली डाव रंगला होता. त्यानं गाडीला एक फेरी मारली, थांबला आणि विचारलं, "बाबा, ही रेघ कसली?"

करंदीकरांनी उचललेला उंट हवेतच राहिला.

"ती होय?" काका पटावरून नजर न काढता म्हणाले. "ती माझ्या मित्रान दिलेली खूण आसा. गाडी जपता जपता मी तेका इसारलंय, म्हणान. तुमका चालत नसात तर रंगवून देतंय. पण माझो जीव व्हायचो नाय." हे सांगताना ज्याची मान खाली जायची होती त्याची ताठ होती, आणि मान खाली गेली होती ती दुसऱ्याचीच. जावई दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग हसला. "राहू द्या बाबा. आणि गाडी पण राहू द्या. तिथे आम्हाला कंपनीची आहे."

"शह," काका म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा घोडा नीट चालला होता, कारण करंदीकरांनी तो उंट भलत्याच घरात ठेवला होता.

पुढे मी नोकरीला लागले, लग्न होऊन त्याच उपनगरात दोन गल्ल्या पलीकडे गेले. परबकाका गेल्याचं कळलं ते एका दुपारी. झोपेतच गेले. मी गेले तेव्हा आवारात चौकट आखलेली होती, गाडी तिच्यात उभी होती आणि बाकड्यावर करंदीकर पट मांडून बसले होते. समोरच्या बाजूच्या सोंगट्याही त्यांनी जागच्या जागी लावल्या होत्या, पण ते खेळत नव्हते.

कार्य उरकल्यावर काकी गावाला जाणार होत्या. एसटी स्टँडपर्यंत गाडीनंच जायचं, असा त्यांनी हट्ट धरला. प्रकाशनं किल्ली फिरवली. काही नाही. पुन्हा फिरवली. किती दिवसांत कुणी तिला सुरूच केलं नव्हतं. सगळे घड्याळाकडे बघू लागले.

तेवढ्यात करंदीकर नारळ घेऊन बाहेर आले. त्यांनी तो बोनेटवर ठेवला, आणि हात जोडून, चाचरत, एकेक शब्द जागच्या जागी ठेवत म्हणाले, "हे देवा महाराजा. आमचे मित्र परब तुझ्याकडे आले आहेत. त्यांना बुद्धिबळ येत नाही. त्यांच्या घोड्याला सांभाळून घे. आणि ज्यानं ही रेघ मारली..." आणि त्यांनी जोडलेल्या आपल्याच हातांकडे बघितलं.

त्या रेघेचा मालक कोण, हे सगळ्या आवाराला आज कळत होतं, आणि 'व्हय' म्हणायचं की नाही हे कुणाला सुचत नव्हतं.

मागच्या सीटवरून काकींचा आवाज आला. "भावजी, थांबलात कशाक? आमचे सांगत, भावजींनी खूण केली म्हणान मी माणसात इलंय. म्हणा, व्हय म्हाराजा."

"होय, महा..."

"होय नाय भावजी. व्हय."

करंदीकरांनी गाडीच्या दारावर, बरोबर त्या रेघेवर, तळवा टेकला. "व्हय म्हाराजा," ते म्हणाले.

"व्हय म्हाराजा!" आम्ही सगळे म्हणालो.

प्रकाशनं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली नाही. शेवटी आम्ही सगळ्यांनी मिळून ती फाटकाबाहेर ढकलत नेली. करंदीकर सगळ्यांच्या पुढे होते, आणि उतारावर तिनं एकदाचा खोकला काढला तेव्हा त्यांचा हात अजून त्या रेघेवरच होता.