मालक रवळनाथ

राजाराम परबांचं रेकॉर्डिंग दुपारी चाले. मालाडच्या कुरारमध्ये तेवढाच वेळ जरा शांत असे. खालचा वेल्डिंगवाला जेवायला गेलेला असे. खिडकीला चादर, पंखा बंद आणि डोक्यावरून घेतलेल्या गोधडीत फोन धरून बसलेले राजारामकाका. घामाने निथळत बाहेर आले की शुभाकाकू पाण्याचा तांब्या पुढे करत. "झालात काय बाळंत?"

काका अंधेरीच्या एका गोदामातून निवृत्त झालेले. 'पडवी' नावाच्या संकेतस्थळावर बोलीभाषांतल्या गोष्टी येत, सोबत सांगणाऱ्याचा आवाज. पुतणी ऋतिकाने काकांचं नाव तिथे दिलं आणि त्यांच्या मालवणी गोष्टी कुवेतपर्यंत ऐकल्या जाऊ लागल्या.

कुरारमध्ये मात्र त्यांची ओळख गाऱ्हाण्याची. घरभरणी असो की गणपती, देवापुढे नारळ ठेवून सगळ्यांच्या वतीने देवाशी बोलायचं ते काकांनीच. घरातलं दुखणं ते कुणाचं नाव न घेता देवाच्या कानावर घालत, आणि दर वाक्याला जमलेली माणसं एका सुरात म्हणत, "व्हय म्हाराजा!" गाऱ्हाणं पुरं झालं की नारळ फोडून खोबरं वाटायचं. अर्धवट राहिलं तर नारळ फोडायचा नाही, तसाच परत न्यायचा.

'पडवी'च्या संपादक जयाताईंनी गाऱ्हाणं मागितलं तेव्हा काका अडून बसले.

"समोर माणसां नायत. कोणासाठी घालू?"

"जे ऐकतील त्यांच्यासाठी," ऋतिका म्हणाली.

काकांनी खरोखरचा नारळ आणला आणि गोधडीत फोनसमोर ठेवला. "बा देवा रवळनाथा, जो कोण ह्यां आयकता आसा, तेच्या घरातली चूल पेटती ठेव." गोधडीबाहेरून काकू आणि ऋतिका साथ देत होत्या.

नंतर 'पडवी'साठी रेकॉर्डिंगची माहिती फोनवर भरताना ऋतिकाने विचारलं, "मालक म्हणून तुमचं नाव टाकू ना?"

"खुळी काय गो तू? गाऱ्हाण्याचो मालक मी? रवळनाथ लिव."

तिने हसत हसत रवळनाथ लिहिलं.

पुढच्या वर्षी वांद्र्याच्या एका बड्या कंपनीने 'पडवी' विकत घेतली. लिहिणाऱ्या, सांगणाऱ्या सगळ्यांना एकच इंग्रजी मेल आला. बाहेरच्यांचं काम यापुढे नको. आधी दिलेलं सगळं आता कंपनीचं. आठवड्याभरात गोष्टी दिसेनाशा झाल्या. त्यानंतरही काही दुपारी काका सवयीने खिडकीला चादर लावत आणि थोड्या वेळाने काढून ठेवत.

एके दिवशी शुभाकाकू डेअरीवर उभ्या असताना पुढच्या माणसाच्या फोनमधून त्यांना नवऱ्याचा आवाज ऐकू आला. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक आज कर्ज मंजूर होऊंदे!" मागून ढोल, मग घोळक्याचा गजर. झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपची जाहिरात होती.

ऋतिकाने ती काकांना ऐकवली. त्यांनी ती पुन्हा लावायला सांगितली.

"आवाज माझो. पण मी ह्यां बोलाक नाय."

"मशीनला आवाज शिकवतात, काका. मग ते पाहिजे ते बोलतं."

"म्हणजे अंगात येता तसा?"

"उलटं. तुम्ही त्याच्या अंगात आलात."

तिने जयाताईंना फोन लावला.

"अगं, मलाच काढलंय," जयाताई म्हणाल्या. "तरी विचारलं मी. कंपनीचा वकील म्हणाला, गाऱ्हाण्याच्या नोंदीत मालक रवळनाथ आहे, राजाराम परब नाहीत. रवळनाथाला घेऊन या म्हणाला, बसून बोलू."

"हसले असतील ना?"

"हसू दे गं. वाट लागली आपली, एवढं खरं."

हसण्याचं ऋतिकाने काकांना सांगितलं नाही.

दिवाळीनंतर तिच्या भावाची, देवेशची, मुलुंडला घरभरणी होती. त्याची बायको अपूर्वा आदल्या आठवड्यात मुद्दाम कुरारला येऊन गेली होती. सातव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं होतं. "तुम्ही देवाला सांगा, काका. मला नीट बोलता येत नाही," एवढंच ती म्हणाली होती.

नव्या घरात काकांनी पाटावर नारळ ठेवला. अपूर्वा पदर खांद्यावर घेऊन अगदी जवळ उभी राहिली.

"बा देवा म्हाराजा..."

"कर्ज मंजूर होऊंदे!" मागून देवेशच्या ऑफिसातलं कुणीतरी ओरडलं. सगळे हसले, म्हातारेसुद्धा. हसतच कुणी "व्हय म्हाराजा"ही म्हणालं.

"ए, गप ना यार!" देवेश खेकसला.

काका थांबले. घसा साफ करून त्यांनी पुन्हा सुरुवात केली. "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक..." इथे ते एकदम गप्प झाले. स्वतःचाच आवाज ओळखीचा वाटू नये तसे इकडेतिकडे बघू लागले. मग त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. कुठे साथ द्यायची ते कुणाला कळेना. लोक चुळबुळ करू लागले, एकजण फोन काढून बघू लागला.

काकांनी हात जोडले. देवेशने कोयता पुढे केला. "द्या काका, मी फोडतो."

काकांनी नारळ उचलला आणि कोपऱ्यातल्या आपल्या पिशवीत ठेवला.

"अरे, हे काय? प्रसाद?" कुणीतरी विचारलं.

"आणतो ना, दुसरा आणतो," देवेश घाईने चपला शोधत म्हणाला.

अपूर्वा त्या पिशवीकडे बघत राहिली. मग खांद्यावरचा पदर काढून तिने कमरेला खोचला आणि जेवणाची पानं मांडायला आत गेली.