बियाचे वांगे

निवृत्तीनंतर वलगावला राहावयास आले आणि मी परसात भाजी लावू लागले. त्याआधी आयुष्यभर अकोल्याच्या महाविद्यालयात संस्कृत शिकवलेले. मातीशी संबंध दोन कुंड्यांपुरता. शेजारच्या भाभींनी मला भरताच्या वांग्याची रोपे दिली. हे वाण त्यांनी लग्नानंतर अंजनगावच्या माहेरून आणलेले. बाजारात ते मिळत नाही. बी दोन घरी असावे, म्हणजे बुडत नाही, अशी त्यांची समजूत.

गेल्या वर्षी पाऊस रेंगाळला आणि भाभींच्या वाफ्यातली सारी झाडे मुळाशी सडली. माझे एक तेवढे वाचले. त्यावरचे सर्वांत मोठे वांगे बियासाठी राखा, असे त्यांनी बजावले होते. मी राखले. मात्र ते पिवळे पडून सुरकुतू लागले, तेव्हा मला ते बिघडले असे वाटले. भाभी पाहावयास येणार म्हणून मी परस झाडले, ते वांगे खताच्या खड्ड्यात टाकले आणि त्याऐवजी एक चकचकीत जांभळे वांगे राखायचे ठरवले.

भाभींना ते मी कौतुकाने दाखवले.

"हे तं भरीत कराले हाये, बाई. बी पिकल्या पिवळ्यातच भरते. ते पिवळं कुठं गेलं?"

झाड वाळत आले होते. नवे वांगे पिकेपर्यंत ते टिकणार नव्हते. मी खड्ड्याकडे बोट दाखवले. भाभींनी बाह्या मागे सारल्या. आम्ही दोघी काडीने कचरा उकरू लागलो.

"तुमाले साफसफाईची बीमारी हाये," त्या म्हणाल्या. रागावलेल्या मात्र दिसल्या नाहीत.

वांगे सापडले, एका अंगाने कुजलेले. त्याने बियाचे बिघडत नाही म्हणत त्यांनी ते बादलीतल्या पाण्यात कुस्करले. पोकळ बी तरंगते, भरलेले तळाशी बसते. बराच वेळ सारे वरच होते. मी दुसरीकडे पाहू लागले. भाभींनी पाण्यात हात फिरवला, तेव्हा कुठे एकेक बी खाली जाऊ लागले. सारे मिळून चिमूटभर.

वाळल्यावर त्यांनी तीन पुड्या बांधल्या. तिसरी कोणाची, असे मी विचारले.

"ते तुमी पाहा. माहा वाफा बुडते, तुमी फेकता. दोन घरं कमी पडून राहिले."

इतक्या वर्षांत गल्लीतले एकही दार मी आपणहून वाजवले नव्हते. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या घराची कडी वाजवली. दार उघडले, आणि स्वतःचे नावही न सांगता मी ते बी केव्हा पेरायचे हे सांगू लागले.