घरच्या वाफ्यातल्या काळ्या अळ्या

खाडीकाठच्या मुर्ध्याला, तिच्या गावी, आमच्या भाजीवाल्या मावशीचे माठाचे वाफे आहेत. बाजारात जाणाऱ्या वाफ्यांवर औषध मारायचं आणि एक वाफा घरच्यांसाठी बिनऔषधाचा ठेवायचा, ही तिथली रीत. मला कळलं तेव्हा मी वाटायला आणलेली बिनविषारी भाजीची पत्रकं बांधावरच आपटली.

"म्हणजे विष आम्ही खायचं?"

"न्हाय मारलं तर भोकं पडतात गो. भोकाची जुडी तुजी आयच परत देते!"

माझा राग अजून गेलेला नाही. विषाला औषध कसलं म्हणता? पण त्या घरच्या वाफ्यात माझ्या ताईला पानांवर लोंबकळणाऱ्या काळ्या, पिचपिचीत अळ्या दिसल्या. ती लॅबमध्ये जिवाणूंवर काम करते. "ह्यांना कोणीतरी मारलंय, आणि ते मावशीने नाही," म्हणत तिने त्या डबीत भरल्या.

अळ्यांतून दोन जिवाणू निघाले. लॅबने दोघांचे जीनोम, म्हणजे सगळी जनुकं, वाचून काढले. पहिला अळ्या झटपट मारत होता. मी लगेच पत्रक लिहायला बसले. ताईने पेन काढून घेतलं.

"ह्याच्यात माणसाला जुलाब लावणारी जनुकंही आहेत. हा बाद."

"मग एवढी मेहनत करून मिळालं काय?"

"मावशीची गिऱ्हाइकं दवाखान्यात गेली नाहीत, हे मिळालं."

दुसऱ्यात अळीचं आतडं फोडणाऱ्या प्रथिनाचं जनुक होतं. माणसाला बाधेल असं काही सापडलं नाही. लॅबमधल्या चाचण्या झाल्या, परवानगी आली. आता बाजारचा एक वाफा हवा होता.

"वाफा गेला तर मी बाजारात काय नेऊ, तुजी पत्रकं?" मावशी म्हणाली. तरी कोपऱ्यातला दिला. उन्हात जिवाणू टिकत नाहीत म्हणून ताईने संध्याकाळी फवारलं.

सकाळी मावशीचा फोन. "तुज्या जंतूला सुट्टी हाय काय? अळ्या चालतायत!" औषधाचा पंप भरूनच ठेवलाय, म्हणाली. आम्ही धावत गेलो.

"चालतायत, पण खातायत का?" ताईने विचारलं.

मावशी उकिडवी बसली. पान उलटलं, दुसरं उलटलं.

"न्हाय. तोंडच न्हाय लावत."

तिने पंप तिथेच ओतायला घेतला, तर मी ओरडले, "खाडीत जाईल ते!" मग झाकण लावून बाजूला ठेवला. आतडी फुटलेल्या अळ्या नंतर काळ्या पडल्या आणि कोपऱ्यातला माठ बाजारात गेला. पुढच्या पेरणीला दोन वाफे देते म्हणाली. मी सगळे मागितलेत. भांडण चालू आहे.