टेलरमामांनी घेतलेलं पायाचं माप

टेलरमामांनी उभ्या आयुष्यात कुणाच्या शर्टाला साधं बटण लावलं नसेल. ते गाड्यांचे मिस्त्री होते. तरी हडपसरच्या भाजी बाजारामागच्या गल्लीत त्यांच्या खऱ्या नावाने पत्ता विचारला असता, तर कुणालाच सांगता आला नसता. त्यांच्या गळ्यात कायम शिंप्याची टेप लोंबत असे आणि ती गाडीला लावायच्या आधी ते गाडीच्या मालकाला लावत. बॉनेट उघडायचं नाव नाही. "आदी तुम्ही हितं हुबं ऱ्हावा," म्हणायचे. मग खांदा ते मनगट, कंबर ते गुडघा, गुडघा ते टाच. आकडे खडूने शेडच्या पत्र्याच्या दारावर जात. त्या दारावर निम्म्या पुण्याचे हातपाय लिहून ठेवलेले होते.

कुणी कुरकुर केली, की त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "गाडी हाय तशीच ऱ्हाती. मानूस बदलतो. मग माप कुनाचं घ्यायचं?"

आमच्या घरात बदललेला माणूस म्हणजे बाबा. माझे आजोबा डॉक्टर होते. त्यांनी घेतलेली स्वातंत्र्याआधीची विलायती गाडी बाबांनी भूगोलाच्या प्राध्यापकाच्या पगारात नुसती टिकवली नव्हती, तर रोज चालवली होती. पुढे त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला. पाय आणि नजर शाबूत राहिली, डावा हात मात्र कमजोर झाला. त्या गाडीचं स्टिअरिंग म्हणजे विहिरीवरचा रहाट, आणि ब्रेक दाबायला अंगाचं सगळं वजन पायावर द्यावं लागे. एका सकाळी गल्लीच्या कोपऱ्यावर शाळेत निघालेली एक मुलगी सायकलवरून समोर आली. स्टिअरिंग एका हाताने वळेना, ब्रेक लागता लागेना. मुलीने उडी मारली म्हणून ती वाचली. सायकलचं पुढचं चाक वाकडं झालं.

बाबांनी तिला नवं चाक बसवून दिलं, घरी येऊन गाडीची किल्ली कपाटात कपबशांच्या मागे ठेवली आणि बोलणंच थांबवलं. वर्तमानपत्रातल्या चुका शोधून संपादकांना दर आठवड्याला पोस्टकार्ड टाकणारा माणूस तासन् तास खिडकीशी बसू लागला. आई म्हणायची, "भांडत का नाहीत हे कुणाशी?" मला त्या शांततेची फार भीती वाटत होती. डॉक्टर म्हणाले, स्टिअरिंग आणि ब्रेक हलके असतील तर गाडी चालवायला हरकत नाही. मी तेव्हा खराडीत नोकरीला लागले होते. तिथे काचेच्या इमारती नुकत्या उभ्या राहत होत्या आणि माझ्यासारख्यांना वाटत होतं, की जगातलं काहीही नव्याने करून मिळतं. चार गॅरेजवाल्यांनी मला हसून परत पाठवलं. एकाने तर गाडी लग्नाच्या वरातीला भाड्याने द्यायचा सल्ला दिला. पाचवे टेलरमामा.

मामा एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. उदारीकरणानंतर नवी यंत्रं आली, तेव्हा कंपनीने त्यांच्या हातात स्वेच्छानिवृत्तीचा कागद ठेवला. स्वेच्छा कुणाची, ते विचारायचं नाही. शेडमध्ये भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याखाली मखमलीच्या डबीत केसाची जाडी मोजणारा मायक्रोमीटर. "कंपनी सुटली, पर हात न्हाय सुटला," एवढंच ते त्याबद्दल बोलत.

बाबांना मी जवळजवळ ओढूनच तिथे नेलं. मामांनी बेत सांगितला, की हल्लीच्या गाडीचं विजेच्या मोटरवर वळणारं स्टिअरिंग दांड्यासकट आणायचं, ब्रेकची पेडलंही जोर वाढवणाऱ्या बूस्टरसकट तिचीच घ्यायची आणि सगळं या गाडीत बसवायचं. बाबा कित्येक आठवड्यांनी बोलले. "मग इंजिन तेवढं कशाला ठेवता? तिथे एक टीव्ही बसवा."

मामांनी शांतपणे विचार केला. "टीव्ही बशीवला असता सर, पर तुम्ही रस्त्याकडं बगनार न्हाय."

बाबांच्या ओठाचा कोपरा किंचित हलला. मला तेवढं पुरलं.

पुढचे तीन महिने मी दर शनिवारी त्या शेडमध्ये जाऊन बसत होते, आणि मला सांगायला लाज वाटत नाही, की इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत शिकले नाही ते तिथे पाहिलं. नवा दांडा मामांनी मुद्दाम मागून धडक बसलेल्या गाडीतला शोधून आणला, म्हणजे पुढच्या भागाला धक्का लागलेला नसतो. जुना दांडा सरळसोट लोखंडी होता. "टक्कर झाली की हा भाल्यावानी छातीत घुसतो," ते म्हणाले. "नवा हाय त्यो आपल्या आपल्यात सरकतो." तो बरोबर लांबीला आणून जुन्या यंत्रणेशी जोडायचा होता. दुसरा कुणी वेल्डिंगचा डाग मारून मोकळा झाला असता. मामांनी दोन्ही टोकांना कानशीने खाचा पाडून एकेक दाता घासला, मधे सांधा बसवला आणि त्याचे बोल्ट तारेने आवळून बांधले. "स्टिअरिंगला डाग देयाचा न्हाय. डाग कदी सुटंल, त्ये डाग सांगत न्हाय." आजोबांच्या काळचं स्टिअरिंगचं मोठं काळं चाकही त्यांनी त्या नव्या दांड्यावर बसवलं. करंगळीने फिरवून पाहिलं तर ते सरसर फिरलं.

आणि मग फसलं. मामांचा नियम होता, की चाचणीला गाडी ज्याची त्यानेच चालवायची. शेडशेजारी एका बंद गोदामाचं आवार होतं. बाबा गाडीत बसले. स्टिअरिंग हलकं लागलं तसा त्यांचा चेहरा खुलला. आवारात एक फेरी झाली. दुसऱ्या फेरीला गोदामाच्या भिंतीसमोर त्यांनी ब्रेक दाबायला पाय टाकला आणि पाय पेडलवरून निसटला. दुसऱ्यांदा पाय रेटून गाडी थांबली तेव्हा भिंत वीतभर लांब होती. बाबांनी इंजिन बंद केलं, खाली उतरले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "विकून टाक. सोमवारी जाहिरात दे. उद्या समोर भिंत नसेल."

आमच्या ऑफिसात असं काही झालं, की चूक कुणाच्या नावावर टाकायची ते ठरवायला आधी मीटिंग बसे. मामा सरळ गाडीत वाकले. सीटखाली बाबांचे काळे बूट नीट जोडीने ठेवलेले होते. ही आमच्या घरची रीत. आजोबा पेशंटच्या घरून चिखलाचे पाय घेऊन येत, म्हणून गाडीत पायताण घालायचं नाही असा त्यांनीच दंडक घातला होता. बाबांनी जन्मभर गाडी अनवाणीच चालवली. मात्र माप द्यायला जायचं म्हणून पहिल्या दिवशी इस्त्रीची पँट आणि पॉलिश केलेले बूट घालून ते ताठ उभे राहिले होते, आणि मामांनी टेप टाचेपर्यंत लावली होती, बुटाच्या टाचेपर्यंत. आज सवयीने बूट काढले आणि इंचभर पाय आखूड पडला. तीन महिन्यांत हे सांगायचं ना बाबांना सुचलं, ना मला.

मामा भंगाराच्या ढिगाशी गेले आणि जुनं ब्रेक पेडल शोधून घेऊन आले. त्यावर अंगठ्याच्या जागी लोखंड झिजून गुळगुळीत खळगा पडला होता. त्या खळग्यावरून ते बराच वेळ बोट फिरवत राहिले.

"चूक माजी हाय," ते म्हणाले. "मी बुटाचं माप घ्येतलं. पायाला इचारलंच न्हाय."

आणि ते मातीत गुडघा टेकून बसले, बाबांचा पाय त्यांनी तळहातावर घेतला. बाबांनी झटकन पाय मागे ओढला. "अहो, पायाला हात नका लावू!"

मामांनी वर पाहिलं. "पाया पडत न्हाय सर. माप घेतोय."

त्या आवाजात राग नव्हता आणि लीनताही नव्हती. आपल्या कामात उभं आयुष्य ताठ मानेने जगलेल्या माणसाचा तो आवाज होता. बाबांनी आपण होऊन पाय पुढे केला. मी मान वळवली, कारण माझे डोळे भरून आले होते.

तीन आठवड्यांनी मामांनी पुन्हा बोलावलं. नव्या पेडलचा दांडा त्यांनी वाकवून पायाच्या जवळ आणला होता, आणि त्याच्या टोकाला बसवली होती ती जुनी, खळगा पडलेली लोखंडी पट्टी. या वेळी आवार नाही, थेट कात्रजचा घाट. मामा बाबांच्या शेजारी, मी मागे. उतारावर पुढचा दुधाचा टँकर एकाएकी थांबला. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा आमची गाडी उभी होती, आणि ती इतकी अलगद थांबली होती, की सीटवरची माझी पर्सही घसरली नव्हती. बाबांनी आपल्या अनवाणी पायाकडे पाहिलं, मग मामांकडे. म्हणाले, "चहा घेऊ या." आमच्या पेठेत याहून मोठी पावती कुणी देत नाही. त्याच आठवड्यात संपादकांना पोस्टकार्ड गेलं. आईने देवापुढे साखर ठेवली.

तरीही बाबा एकटे कधी गाडी काढत नसत. मी किंवा आई शेजारी हवीच. ती सायकलवरची मुलगी त्यांच्या डोळ्यांसमोरून हलली नव्हती. तसं ते एकदाच बोलले, पण आम्हाला ते रोज दिसायचं.

पुढे गल्लीतल्या जागेवर टॉवर यायचं ठरलं आणि मामांची शेड गेली. त्यांचा मुलगा बंगळूरला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता. त्याच्या नवव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये ते राहायला निघाले. मायक्रोमीटरची डबी तेवढी बरोबर घेतली म्हणाले, बाकी वाटून टाकलं. स्टेशनवर मीच त्यांना सोडणार होते. नेमकी त्याच दुपारी अमेरिकेतल्या लोकांशी मीटिंग लागली. मी घरी फोन केला, की मामांकडे टॅक्सी पाठवते. बाबा म्हणाले, "काही गरज नाही." आणि फोन ठेवला. आई मावशीकडे गेलेली होती. त्यामुळे पुढचे तीन तास माझं कशातही लक्ष नव्हतं.

मीटिंग चालू असतानाच घरचा नंबर दिसला. मी सगळ्यांदेखत फोन उचलला.

"सोडून आलो गं," बाबा म्हणाले.

"बाबा? सगळं ठीक आहे ना?"

"मामा झोपले होते." त्यांचा आवाज फुटला. "हडपसरपासून स्टेशनपर्यंत. मी एकटा चालवत होतो, आणि ते शेजारी गाढ झोपले होते."

टेबलावरच्या स्पीकरमधून अमेरिकेतलं कुणीतरी पुन्हा पुन्हा माझं नाव घेऊन विचारत होतं, मी आहे का म्हणून.