सुमोच्या डिस्कवर हळदकुंकू

गढा नावाच्या आमच्या वस्तीतल्या अंबरीशला माणसं आवडत नाहीत, हे आधीच सांगितलेलं बरं. रिछाईच्या कारखान्यात सुपरवायझर, पन्नाशीला टेकलेला, बिनलग्नाचा. कोणी लग्नाचं विचारलं की खेकसणार, "काहून? तुम्ही करून सुखात आहात का?" राहतो थोरल्या भावाच्या, हेमचंद्रच्या घरी, पण वहिनीशी, पूर्णिमाशी, सरळ बोलणं नाही. ती समोर उभी असली तरी म्हणणार, "दादा, चहा झाला का विचार." वहिनीही काही गरीब गाय नाही. "यांना सांगा, झाला आणि थंडही झाला."

त्याचा जीव एका लोखंडी कपाटात. आत काय, तर व्हिडिओ गेमच्या डिस्क! त्याही फक्त मैदानी खेळांच्या, आणि एकाच देशात विकलेल्या. जपानबाहेर कधी न निघालेली सुमो कुस्ती, कोरियातलं बेसबॉल, ऑस्ट्रेलियातच खपलेला तिथला फुटबॉल. घरच्या मशीनवर यातलं काहीच चालत नाही, कारण ती परदेशातली डिस्क घेतच नाही. पण खेळायचंय कोणाला? बनवणाऱ्यांनी आपल्याला हिशेबातच धरलं नव्हतं, तरी ती वस्तू गढ्यात येऊन बसली, ही त्याची मस्ती. सगळे डबे कंपनीच्या प्लास्टिकात सीलबंद. सील फुटलं की जमवणाऱ्या लोकांत डब्याची इज्जत गेली. सीलबंद सुमो तर सबंध देशात आपल्याकडेच आहे, असं तो छातीठोक सांगायचा.

गेल्या खंडेनवमीला यावरूनच वाजलं. त्या दिवशी या घरात ज्याची त्याची हत्यारं देवापुढे येतात. दादाचे पाने, वहिनीची शिवणाची कात्री. हळदकुंकू लागलं की दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. अंबरीश भडकला, "कात्रीला मान, आणि माझं काय भंगार आहे?" वहिनी म्हणाली, "यांना म्हणा, किल्ली द्या, तेही पुजू." हा वर्षभर धुमसला, आणि यंदा ड्युटीला निघताना किल्ली दादासमोर आपटून गेला.

संध्याकाळी येऊन बघतो तर देवापुढच्या पाटावर सुमोची डिस्क उघडी, तिच्यावर हळदकुंकवाचं बोट. फाटलेलं प्लास्टिक केराच्या सुपलीत.

अंबरीशच्या तोंडचं पाणी पळालं. मग कित्येक वर्षांनी तो वहिनीकडे तोंड करून बोलला. "मुद्दाम केलं तुम्ही! सत्यानाश करून टाकला!"

वहिनी खरोखर गोंधळली. "अहो भाऊजी, म्यानातली तलवार कोणी पुजतं का? बाहेर काढावीच लागते. ही वरच्या कप्प्यात मखमलीवर होती, म्हणून हीच घेतली. पूजा होईस्तोवर पाणी नाही प्यायले मी."

खरं होतं ते. यंदा तिनं मनापासून केलं होतं. ते त्यालाही दिसलं, आणि दिसलं म्हणूनच मेला जास्त पेटला. "कुजक्या मनाची बाई! माझं चांगलं कधी बघवलंच नाही तुम्हाला!"

"चलो, बस हो गया," म्हणत दादा मध्ये आला. त्याला ढकलून अंबरीशनं उरलेले डबे कवेत भरून आणले, पाटावरची पुजलेली कात्री उचलली आणि एकेक सील टराटरा फाडू लागला. "घ्या! सगळेच पुजा! करून घ्या मनासारखं!"

कात्री उचललेली बघून वहिनीच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिनं पदरानं पुसलं, पाटाशी बसली आणि करंडा पुढे ओढला.

"आणा इकडे. कुंकू भरपूर आहे."

तिनं एकेक डिस्क पुजली, कुंकू जरा जास्तच लावून. मखमलीवरची इज्जत सगळी पाटावर लाल झाली. शेवटी अंबरीशचा राग उतरला आणि तो कात्री परत पाटावर ठेवायला वाकला.

वहिनीनं पाट मागे ओढला. त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. दादाला म्हणाली, "यांना सांगा, ती कात्री आता तुमच्याच कपाटात ठेवा. मला नको."