पाळणाघरातल्या विद्यार्थिनी

आम्ही पाळणाघरातल्या जुन्या बाया दुर्गच्या पद्मनाभपुरात कुणाच्या घरी जमलो, की चहा निवतो आणि किस्से सुरू होतात. एक सांगावा, तर त्याला धरून दुसरा येतो.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाचे ते दिवस. साइटवर गिट्टी, म्हणजे खडी, वाहणाऱ्या बायकांना रेजा म्हणत. त्यांची लेकरं आम्ही एका टिनाच्या शेडमध्ये सांभाळायचो. मी दुर्गच्या रेल्वे गार्डाची मुलगी, नववीत शाळा सुटलेली. सोबत शेवंताबाई. भंडाऱ्याकडची, तिशीतली विधवा, सातवी पास.

एक दिवस वेल्फेअरचे साहेब नोटीस घेऊन आले. मुलं सांभाळणाऱ्या ज्या बाईला पुढे शिकायचं असेल, तिची फी आणि पुस्तकं ऑफिस देणार होतं. आम्ही दोघींनी मॅट्रिकसाठी नाव दिलं.

*

फॉर्ममध्ये एक रकाना होता, पुढे का शिकायचे आहे? मी बाबांकडून देशसेवेवर झकास सात ओळी लिहून घेतल्या. शेवंताबाईने एकच लिहिली, "लेकरं विचारतात, मले सांगता येत नाही."

साहेबांनी माझा फॉर्म वरवर पाहून बाजूला ठेवला. तिचा दोनदा वाचला.

*

पुस्तकांसाठी मिळालेल्या पैशांतून शेवंताबाईने आधी चष्मा घेतला. ऑफिसातल्या क्लार्कने बिल पाहून कपाळाला हात लावला. मदत पुस्तकांसाठी आहे, चष्मा हे पुस्तक नाही, असं त्याने तिला बराच वेळ समजावलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "भाऊ, याच्याबिना पुस्तक उघडलं काय अन् मिटलं काय, मले सारखंच."

बिल पास झालं.

*

अभ्यासाला वेळ ड्यूटीतच काढावा लागे. एका हातात पाळण्याची दोरी, दुसऱ्या हातात पुस्तक. नागरिकशास्त्र माझ्या डोक्यात शिरेना, म्हणून मी ते अंगाईच्या चालीवर म्हणायची.

रुआबांधा गावची बिसाहिन नावाची रेजा एकदा तक्रार घेऊन आली. तिचा लइका, म्हणजे मुलगा, घरी झोपतच नव्हता. इथे कोणतं गाणं म्हणता ते मलाही शिकवा, म्हणाली. मी लाजत लाजत शिकवलं.

आठवड्याने पाहते तर बिसाहिन डोक्यावर गिट्टीची टोपली घेऊन चालली आहे आणि तालात गुणगुणते आहे, "लोकसभा, राज्यसभा..."

*

पेपरच्या दिवशी पंचाईत झाली. दोघी गेलो तर पोरं कोण बघणार? साहेब म्हणाले, तुम्ही जा, मी कुणाला तरी बसवतो.

दुपारी परत आलो, तर शेडच्या दारात साहेब स्वतः उभे. खांद्यावर एक पोर झोपलेलं, शर्टावर दूध सांडलेलं. पेपर सोपा गेला म्हणून आम्ही हसत येत होतो, तर त्यांनी ओठावर बोट ठेवलं आणि कुजबुजले, "बाहेर जाऊन बोला."

*

मॅट्रिक दोघी पास झालो. माझं लग्न ठरलं. शेवंताबाईला नागपूरला बालशिक्षणाच्या ट्रेनिंगला जायचं होतं. मदतही मंजूर झाली. पण ट्रेनिंगनंतर ती परत येईल याबद्दल कारखान्यातल्या कुणा पर्मनंट माणसाची जामीन म्हणून सही हवी होती. तिच्या नात्यात असा एकच, मोठा दीर. त्याने साफ नाही म्हटलं. एकदा गेलेली बाई परत येत नाही, असं चारचौघांत बोलला. ते ऐकल्यापासून शेवंताबाई नीट जेवलीही नाही.

फॉर्म परत करायला मी तिच्यासोबत गेले. पाहते तर बिसाहिन आणि सात-आठ रेजा आमच्या मागोमाग ऑफिसात शिरल्या. आम्ही अंगठा लावतो, म्हणाल्या. साहेबांनी समजावलं, तुम्ही रोजंदारीवर आहात, तुमचा जामीन चालत नाही.

बिसाहिनने कडेवरचं पोर सावरलं.

"साहब, हमन अपन लइका येकर भरोसा मा छोड़थन. तुमन एक ठन कागज नइ छोड़ सकव?"

आम्ही आमची लेकरं हिच्या भरवशावर सोडतो, तुम्हाला एक कागद सोडता येत नाही, असं ती विचारत होती. साहेबांनी शाईचा पॅड उघडून तिच्यापुढे सरकवला. एकेक करून सगळ्यांचे अंगठे उमटले. मग त्यांनी फॉर्म स्वतःकडे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि सगळ्या अंगठ्यांच्या खाली, जामिनाच्या रकान्यात, आपली सही केली.